मिरजेचा मिशन दवाखाना

पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी, मीरासाहेबांच्या दर्ग्याचे स्थान आणि सतार-तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणून मिरजेची ख्याती जुनी आहे. परंतु ज्या शेतकऱ्याला दरबाराशी कर्तव्य नव्हते आणि गाण्याशीही नव्हते, त्याला हे गाव ठाऊक झाले ते मिशन दवाखान्यामुळे.

या मुलखात अमेरिकन मिशनचा प्रवेश त्यापूर्वीच झालेला होता. रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी 1852 मध्ये कोल्हापुरास ठाणे मांडून शाळा काढल्या आणि पुढे ते कार्य अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाने आपल्याकडे घेतले. 1889 मध्ये आलेले विल्यम जेम्स वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे, विद्येने शस्त्रवैद्य. प्रथम सांगलीस औषधे देत असलेल्या या गृहस्थांनी 1892 मध्ये मिरज गाठली आणि 1894 मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. स्थळाची ही निवड किती समर्पक होती, हे आगगाडीने सिद्ध केले. पुण्याकडून येणारा लोहमार्ग येथूनच बेळगावकडे जात होता, कोल्हापूर संस्थानची रेल्वे 1891 पासून येथे येऊन मिळाली होती, आणि 1927 मध्ये पंढरपूरकडील अरुंद मार्गही येथवर पोहोचला; त्यामुळे मराठी व कानडी या दोन्ही मुलखांतला रुग्ण डोळ्यांवर मोतीबिंदू अथवा पोटात गाठ घेऊन थेट दवाखान्याच्या गावी उतरू शकला.

एका माणसाच्या हस्तकौशल्यावर अवलंबून असलेली संस्था त्या माणसाबरोबरच संपते, हे ओळखून वॉनलेस यांनी 1897 मध्येच वैद्यकीय शाळा सुरू केली. पुढे महारोग्यांसाठी आश्रयस्थान झाले, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले, आणि तो परिसर वॉनलेसवाडी या नावाने रूढ झाला. 1928 मध्ये ‘सर’ हा किताब मिळवून ते निवृत्त झाले आणि 1933 मध्ये अमेरिकेत निवर्तले. तथापि डॉक्टर व्हेल आणि इतर सहकाऱ्यांच्या हाताखाली रुग्णालयाचा कारभार अव्याहत चालू राहिला.

धर्मप्रसार हा मिशनचा उद्देश होता व तो त्याने कधी लपविला नाही. लोकांनी मात्र आपल्या व्यवहारी बुद्धीला अनुसरून शस्त्रक्रिया पत्करली, उपदेश सभ्यपणे ऐकून घेतला आणि बहुतेक जण आपापल्या देवाला नवस फेडण्यासाठी घरी परतले. म्हणून बाप्तिस्म्यांच्या संख्येवरून या कार्याचे मोजमाप करू गेल्यास पदरी फारसे काही पडत नाही. ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे याचे निर्बंध कडक होते, त्या समाजातील माणसे जात न विचारता जखम धुणाऱ्या हातांच्या स्वाधीन झाली. आणि प्रतिष्ठित घराणी ज्या कामाकडे पाठ फिरवीत, त्या परिचर्येला मराठी ख्रिस्ती स्त्रियांनी व्यवसायाचा दर्जा मिळवून दिला. मिशनचे खरे यश येथे आहे.

1962 मध्ये सरकारने वैद्यकीय महाविद्यालयासाठी मिरजेची निवड केली, तेव्हा रुग्णशय्या आणि अध्यापनाची परंपरा तेथे अगोदरच सिद्ध होती. परक्या देशाच्या देणग्यांवर आणि सधन रुग्णांच्या फीवर उभारलेली संस्था अशा रीतीने गावाच्या चरितार्थाचाच भाग झाली. आणि दात्याच्या हेतूहून घेणाऱ्याची गरज दीर्घायुषी ठरते, याचे याहून ठळक उदाहरण या भागात तरी सहसा सापडणार नाही.