मोड आलेला दाणा

साल १९७४. तुम्ही ऑस्ट्रेलियातल्या बॅलराट गावी उभे आहात. बाहेर हाडं गोठवणारा वारा, आत मात्र भिजलेल्या धान्याचा उबदार वास. मटकी फडक्यात बांधून ठेवलेल्या स्वयंपाकघरात येतो, तसाच.

समोर एकवीस वर्षांची किरण मजुमदार. बंगळुरूहून आलेली, ब्रूइंगच्या, म्हणजे बिअर बनवण्याच्या, वर्गात एकटीच मुलगी. तिच्या बोटांकडे नीट बघा. मोड आलेला जवाचा दाणा ती चिमटीत धरून चुरडते. आतलं पीठ खडूसारखं मऊ पसरलं, म्हणजे दाण्यातली एन्झाइम्स (पदार्थ तोडून मऊ करणारी प्रथिनं) जागी होऊन कामाला लागली. कठीण वाटलं, तर अजून थांबायचं.

तिला खरं तर डॉक्टर व्हायचं होतं. १९७३ मध्ये प्राणिशास्त्राची पदवी घेतली, पण मेडिकलला जाणं जमलं नाही. वडील रसेंद्र युनायटेड ब्रुअरीजमध्ये मुख्य ब्रूमास्टर. आंबवणं हे शास्त्र आहे आणि ते मुलीनंही शिकावं, असं त्यांनीच सुचवलं. त्या काळातल्या गुजराती मध्यमवर्गीय घरात! मला या बापाचं फार मोल वाटतं.

१९७५ मध्ये ती ब्रूमास्टर होऊन परतते, वर्गात पहिली येऊन. कोलकाता, बडोदा इथे थोडंफार काम मिळतं. ब्रूमास्टरची खुर्ची मात्र मिळत नाही, कारण ते पुरुषाचं काम. तेवढ्यात आयर्लंडच्या बायोकॉनचे लेस्ली ऑकिनक्लॉस भारतात भागीदार शोधत येतात.

आता १९७८. बंगळुरूतल्या एका भाड्याच्या घराचं गॅरेज. इथे किरण ऑकिनक्लॉस यांच्या भागीदारीत भारतातली बायोकॉन सुरू करते. भांडवल दहा हजार रुपये. परदेशी कंपनीला ठराविक मर्यादेहून जास्त वाटा घ्यायला तेव्हा मनाई, त्यामुळे आयरिश कंपनीचे ३० टक्के आणि उरलेले ७० टक्के किरणचे. तिचा पहिला कर्मचारी निवृत्त मेकॅनिक आहे.

जरा वाका. हा पपईचा चीक. कच्च्या फळावर चिरा पाडल्या की पांढरा, दुधासारखा ओघळतो. अंगाला लागला तर खाज सुटते. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो ना, ती करामत याच चिकातल्या पपेनची. बिअर थंड केल्यावर तिच्यातल्या प्रथिनांमुळे गढूळपणा येतो, तोही पपेन घालवतं.

पपेन हेही एन्झाइमच. बॅलराटला चिमटीत पारखलं ते आता या गॅरेजमध्ये पपईतून निघतंय. वर्षभरात बायोकॉनची एन्झाइम्स अमेरिकेला आणि युरोपला रवाना होऊ लागतात.