'गिरी' आणि 'पण'

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर आमच्या ओसरीत एक वाद रंगला. २०२३ साली उस्मानाबादचे अधिकृत नाव पुन्हा धाराशिव झाले, तर आता मराठीतली फारशीही हाकलून द्यावी, असे एका स्नेह्यांचे म्हणणे. त्यांचा राग पोकळ नव्हता. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचा अंमल. त्यांच्या वडिलांना मराठी घरात वाढून उर्दूत शिकावे लागले होते.

मी विचारले, "मग गुलामगिरीला काय म्हणाल?"

"दास्य!"

जोतीरावांनी १८७३ साली आपल्या पुस्तकावर 'दास्य' असे छापले असते, तर ते कोणाच्या काळजाला झोंबले असते? आणि गंमत पाहा, फारशी-उर्दूत नेहमीचा शब्द 'गुलामी'. त्याला 'गिरी' जोडून रुळवले ते मराठीने.

फारशीत 'गीर' म्हणजे घेणारा. मुलूख घ्यायला निघणे ती मुलुखगिरी. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की मराठ्यांची घोडी याच कामाला बाहेर पडत. दुसरा प्रत्यय 'गर', म्हणजे करणारा. सौदागर, जादूगर त्यातले. फारशी 'सिपाहगरी'ची आपण शिपाईगिरी केली, आणि दोन्ही प्रत्यय मराठी जिभेवर एक होऊन गेले. पुढे 'दादा'सारख्या घरच्या शब्दालाही ही गिरी चिकटली.

'पण' मात्र अस्सल वडिलोपार्जित. वेदातले 'त्वन', प्राकृतातले 'त्तण', अपभ्रंशातले 'प्पण', जे हेमचंद्राने बाराव्या शतकात व्याकरणात नोंदले, आणि मग आपले 'पण'. त्याला एक काना दिला की अर्थ कसा फिरतो! मोठेपण लोक देतात, मोठेपणा आपण मिरवतो. शहाणपण हवे असते. शहाणपणा केला की आई रागावते. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांचे कच्चेपण दाखवले, अशी कथा आहे. तिथे 'अपक्वता' म्हणून पाहा. थापटण्याचा आवाजच निघत नाही.

इंग्रजांचे 'हूड' आणि 'डम' हे एकेकाळी स्वतंत्र शब्द होते: एक पद किंवा अवस्था, दुसरा निवाडा. १०६६ साली नॉर्मन राज्य आले, त्यामागून फ्रेंच 'लिबर्टी' आली. म्हणून घरचे 'फ्रीडम' कोणी टाकले नाही, आणि पाहुणीलाही घालवले नाही.

स्नेही काही बधले नाहीत. उठताना मी शेताची चौकशी केली. "यंदा देवीच्या कृपेने," ते चपला घालत म्हणाले, "सारे आबादीआबाद आहे."