उष्णतेची लाट ओसरताना: वडीगोद्री परिसरातील पीक नियोजन

अंबड तालुक्याच्या दक्षिण भागात, वडीगोद्रीपासून गोदाकाठच्या शहागडपर्यंत, मे महिन्याच्या उत्तरार्धात एक चित्र बहुतेक वर्षी दिसते. आठ-दहा दिवस पारा चाळिशीच्या वर राहतो. मग एखाद्या दुपारी आभाळ भरून येते, वावटळ सुटते, विजांसह एक-दोन सरी पडतात आणि दुसऱ्या दिवशी तापमान तीन-चार अंशांनी उतरते. हवेत गारवा आला की शेतकऱ्याचे मन पेरणीकडे धाव घेते. परंतु हवेतील गारवा आणि जमिनीतील ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक न ओळखल्यास दुबार पेरणीची वेळ येते.

उष्णतेची लाट कशाला म्हणतात?

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल, तर ती उष्णतेची लाट. वाढ ६.४ अंशांपेक्षा अधिक असल्यास तीव्र लाट. सरासरी काहीही असली तरी पारा ४५ अंशांवर गेल्यास लाट आणि ४७ अंशांवर गेल्यास तीव्र लाट मानतात. म्हणूनच आपल्याकडे मे महिन्यात ४१-४२ अंश तापमान असूनही कागदोपत्री लाट नसू शकते. पिकाला आणि जनावरांना ताण मात्र बसतोच.

तापमान का उतरते?

तापलेल्या जमिनीवरील हवा वर उठते. त्याच वेळी समुद्राकडून बाष्प आले, तर दुपारनंतर उंच ढग तयार होऊन वादळी पाऊस पडतो. हा पूर्वमोसमी, म्हणजेच वळवाचा पाऊस. तो पट्ट्यापट्ट्यांत पडतो. एका शिवारात ३० मि.मी., तर शेजारच्या गावात नुसती धूळ. मोसमी पाऊस विस्तृत भागावर आणि दिवसेंदिवस सलग येतो. वळवाच्या सरीनंतर आभाळ निवळले की दोन-तीन दिवसांत पारा पुन्हा चढतो.

२०२५ चा अनुभव

२०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोहोचला. त्यांच्या सर्वसाधारण तारखा अनुक्रमे १ जून आणि ११ जून आहेत. राज्यात मे महिन्यातच जोरदार पाऊस झाला. मात्र त्यानंतर मोसमी वाऱ्यांची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रखडली. पेरणीची घाई करू नका, असे कृषी विभाग त्या काळात वारंवार सांगत होता. पाऊस लवकर आला म्हणजे तो सलग राहीलच असे नाही.

ओल कशी तपासावी?

- साधारण ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये.
- १० मि.मी. पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४० हजार लिटर पाणी. आकडा मोठा वाटतो, पण मे महिन्याच्या उन्हात जवळपास तेवढे पाणी एका दिवसात वाफ होऊन जाऊ शकते.
- भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिले पाणी भेगांतून खाली जाते. वरचे ढेकूळ ओले आणि आतून कोरडे राहते. त्यामुळे शेतात चार-पाच ठिकाणी वीतभर खोल खणून पाहावे. तळच्या मातीचा मुठीत गोळा झाला आणि तो सहज फुटला नाही, तरच ओल पुरेशी समजावी.

पीकनिहाय सल्ला

*मोसंबी, आंबे बहार:* फळे झाडावर असताना उन्हाचा ताण आणि त्यावर एकदम भरपूर पाणी, असे झाल्यास फळगळ वाढते. वळवाचा पाऊस झाला तरी ठिबक पूर्ण बंद न करता, ओल पाहून पाणी थोडे थोडे कमी करावे. फळगळ दिसल्यास जिबरेलिक आम्ल १.५ ग्रॅम आणि युरिया १ किलो प्रति १०० लिटर पाणी या प्रमाणात फवारणी करावी. जिबरेलिक आम्ल आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावे.

*मोसंबी, मृग बहार:* ताणावर सोडलेल्या बागेसाठी हाच काळ सर्वांत नाजूक असतो. ताण पूर्ण होण्याआधी पाऊस पडला, तर फुलांऐवजी नवती फुटते किंवा फुले मागेपुढे निघतात. अशा वेळी बागेतील पाणी चर काढून बाहेर काढावे. नत्रयुक्त खत आणि ओलित देऊ नये. नवती रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराईड २ मि.लि. प्रति लिटर पाणी ही फवारणी तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावी. पाने फिकट पडून काही प्रमाणात गळाली असतील, तर ताण बसला असे समजून खत आणि पाणी सुरू करावे. पावसाळ्यापूर्वी खोडाला बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी मोरचूद १ किलो, चुना १ किलो आणि पाणी १० लिटर घ्यावे.

*कापूस:* कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी असले तरी मे महिन्यातील लागवड टाळावी. पहिल्या पावसानंतर जमिनीतील कोषांतून गुलाबी बोंडअळीचे पतंग निघतात. त्या वेळी शेतात पात्या-फुले नसतील, तर त्यांची पुढची पिढी वाढत नाही.

*सोयाबीन, मूग, उडीद:* गारव्याचे हे दिवस बियाणे तपासण्यासाठी वापरावेत. ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवावेत. ७० किंवा अधिक उगवल्यास बियाणे चांगले. मूग-उडीद जूनअखेरपर्यंत आणि सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरता येते. म्हणजे थांबण्यास वाव आहे.

*ऊस:* पहिल्या दमदार वळवानंतर हुमणीचे भुंगेरे सायंकाळी कडुनिंब व बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून नष्ट करावेत. हे काम एका शेतापुरते न करता गावाने मिळून केले तरच उपयोग होतो.

*जनावरे:* पावसानंतर ज्वारीच्या धसकटांना फुटलेले कोवळे कोंब विषारी असतात. तेथे जनावरे चरायला सोडू नयेत. घटसर्प आणि फऱ्याचे लसीकरण पावसाळ्यापूर्वी करून घ्यावे.

विजेपासून सावध राहा

वळवाच्या पावसात सर्वांत मोठा धोका विजेचा. गडगडाट ऐकू आला की काम थांबवून पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबू नये, जनावरेही झाडाला बांधू नयेत. 'दामिनी' ॲपवर परिसरातील विजेची सूचना मिळते.

अंदाज कोठे पाहावा?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान आधारित कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. 'मेघदूत' ॲपवर जिल्ह्याचा पुढील पाच दिवसांचा अंदाज मिळतो. अंदाज पाहताना फक्त कमाल तापमान पाहू नये. पाऊस सलग किती दिवस आणि किती भागावर अपेक्षित आहे, हे पाहावे. जिल्ह्याचा अंदाज आपल्या शिवाराला तंतोतंत लागू पडत नाही, म्हणून गावात एक साधे पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवावी. शंका असल्यास खरपुडी किंवा बदनापूर येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

पारा उतरला म्हणजे तयारीला लागावे. पेरणीचा निर्णय मात्र वीतभर खोल खणून, ओल पाहूनच घ्यावा.