रिकाम्या डिस्कचा मागोवा

बँकेच्या शाखेत आपण पासबुक भरून घेतो, तेव्हा त्यावर उमटणारा शिलकीचा आकडा दूरच्या डेटा सेंटरमधल्या एखाद्या डिस्कवरून आलेला असतो. जुन्या डिस्क काढायची वेळ आली की तिथल्या प्रशासकाला आधी ठरवावे लागते, यांतली कोणती खरोखर कोणाच्याही वापरात नाही. हे काम इतके अवघड कसे झाले, हे पाहायला आपण १९५६ सालापर्यंत मागे जाऊ. त्या वर्षी आलेल्या आयबीएमच्या रॅमॅकमध्ये २४ इंची ५० तबकड्या फिरत. त्यांवर ५० लाख अक्षरे मावत आणि एकूण वजन सुमारे एक टन भरे. एवढे धूड कोणाच्या कामाचे आहे, हे विचारावेच लागत नसे.

डिस्क नजरेआड केली ती युनिक्स या संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी त्याची सुरुवात केली. ३ नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच ‘माउंट’ ही आज्ञा आहे. तिने डिस्क फाइलींच्या एकाच वृक्षाला जोडली जाई आणि आपली फाइल कोणत्या डिस्कवर आहे, हे वापरणाऱ्याला कळण्याचे कारण उरत नसे. पुढे १९८० च्या ४.० बीएसडीत ‘एफएसटॅब’ आली, म्हणजे यंत्र सुरू होताना काय जोडायचे त्याची यादी. यादीत नाही ती डिस्क मोकळी, हा समज तेव्हाही धोक्याचाच होता, कारण डेटाबेस फाइलव्यवस्थेला वगळून थेट कच्च्या डिस्कवर लिहू शकत.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या संगणकीकरणाला वेग आला आणि युनिक्स शाखाशाखांत पोहोचले. शाखेतल्या यंत्राला डिस्क मोजक्याच असत. कोअर बँकिंगने सगळी खाती एकत्र आणली, तशा डिस्कही सामायिक साठ्यात गेल्या आणि एकच डिस्क अनेक सर्व्हरना दिसू लागली.

खरे वळण मात्र त्याआधीचे, १९९० चे. आयबीएमच्या एआयएक्स ३ या युनिक्सने डिस्कांचे गट बांधणारा लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर आणला. लिनक्सला तो १९९८ मध्ये हाइन्झ माउल्सहागेन यांच्यामुळे मिळाला. एआयएक्सवर ‘एलएसपीव्ही’ ही आज्ञा दिली की कोणत्याही गटात नसलेल्या डिस्कपुढे ‘नन’, म्हणजे ‘कोणताच नाही’, असे उमटते. माझ्या मते या क्षेत्रात सर्वांत जास्त फसवणारा शब्द हाच. ओरॅकलने १०जी आवृत्तीत एएसएम आणल्यापासून डेटाबेस अख्खी डिस्क स्वतःच सांभाळू शकतो. अशी डिस्क ना माउंटच्या यादीत असते, ना कोणत्या गटात; तिच्यापुढेही ‘नन’च दिसू शकते आणि तिच्यात बँकेची खाती असू शकतात. वाड्यातली कुलूपबंद खोली रिकामीच असेल असे नाही, तसेच हे.

म्हणून आजचा प्रशासक माउंट, स्वॅप, व्हॉल्यूम गट आणि एएसएम या सगळ्या याद्या ताडून पाहतो, ‘आयओस्टॅट’वर काही दिवस वाचन-लेखन होते का ते तपासतो, क्लस्टरमधल्या दुसऱ्या सर्व्हरवरही विचारतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर डिस्कचे ‘एसडीबी’सारखे नाव बदलू शकते, त्यामुळे तिचा न बदलणारा जागतिक क्रमांक साठ्याच्या नोंदीशी जुळवतो. तरीही वर्षातून एकदाच चालणारे काम यांतल्या कशात दिसेलच असे नाही. म्हणून डिस्क आधी फक्त विलग करावी, पुसू नये. आणि बँकेची असेल तर ३१ मार्चचा हिशेब पूर्ण होईपर्यंत ती परत जोडता येईल अशी ठेवावी.