सुलतानाचा दात आणि आपलं भरलं वांगं

 

नारायणगडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो. विठ्ठलाच्या या गडावर तुर्की जेवणाचा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. म्हणून सुरुवात आपल्याच बीड तालुक्यातून करू. चौदाव्या शतकात महंमद तुघलक वरंगळच्या मोहिमेवरून परतत असताना बीडला त्याचा एक दात पडला. त्याने तो मोठ्या इतमामाने पुरला आणि त्यावर कबर बांधवली, असं फरिश्ता लिहितो. करजणीच्या शिवारात ती आजही दाखवतात. हा तुघलक तुर्की वंशाचा. म्हणजे ज्या दाताने तुर्की घास चावले, तो आपल्या मातीत आहे!

याच सुलतानाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. संभाजीनगरची नान-कलिया त्याच्या लष्करी भटारखान्यातून आली, अशी तिकडे आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. पण ‘कलिया’ हा शब्द मात्र बोलका आहे. तुर्कस्तानातही ‘काल्ये’ नावाचा पदार्थ आहे, फक्त तो भाजीचा. आता दिल्लीचे तुर्क आणि इस्तंबूलचे उस्मानी तुर्क हे काही एक नव्हेत. पण दोघांची मुळं मध्य आशियातली आणि दोघांच्या दरबारात फारसीचं वजन मोठं. त्यामुळे पदार्थ आणि त्यांची नावं फारसीच्या पुलावरून दोन्हीकडे गेली.

आपल्या स्वयंपाकघरातच पाहा. ‘कीमा’ म्हणजे तुर्कीत ‘कियमा’, बारीक चिरलेलं. ‘कोर्मा’ आला ‘कावुर्मा’वरून, म्हणजे परतलेलं. आपला रोजचा ‘चमचा’सुद्धा तुर्कीच्या ‘चोमचे’वरून फारसीमार्गे आलेला. पुलावाला ते ‘पिलाव’ म्हणतात. हे शब्द आपण इतके पचवले आहेत की त्यांना परकं म्हणायला जीभ वळत नाही.

मध्यंतरी आम्ही चार निवृत्त मंडळी पुण्यात तुर्की जेवण चाखायला गेलो होतो. पहिलं ताट आलं ‘कार्नीयारिक’चं. याचा अर्थ ‘पोट चिरलेलं’. लांबट वांग्याला चीर देऊन आत खिमा भरलेला. आमच्यातल्या माळकऱ्यांसाठी आलं ‘इमाम बायिल्दी’, म्हणजे ‘इमामाला भोवळ आली’. त्यात कांदा, टोमॅटो आणि भरपूर ऑलिव्हचं तेल. आमचे माळकरी म्हणाले, “वांगं आपलंच आहे, फक्त शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला घालायचा राहिला.” बरोबर ताकासारखं ‘आयरान’ होतं. शेवटी रव्याचा हलवा आला, तो तर सरळ आपला शिरा! आपण तो सत्यनारायणाच्या प्रसादाला करतो. तुर्कस्तानात मात्र घरात कोणी गेलं की तो करून शेजारीपाजारी वाटायची रीत आहे. रवा, साखर, तूप तेच, प्रसंग वेगळा.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे सगळं तिकडूनच आलं की. थांबा. तुर्कीत वांग्याला ‘पात्लिजान’ म्हणतात. तो शब्द आला फारसीच्या ‘बादिंगान’वरून, आणि त्याचं मूळ अभ्यासक संस्कृतातल्या ‘वातिंगण’पर्यंत नेतात. म्हणजे वांगं इकडून तिकडे गेलं. चिंचेला ते ‘देमिरहिंदी’ म्हणतात, कारण अरबांनी तिला ‘हिंदी खजूर’ हे नाव दिलं. रमजानात तिचं सरबत इस्तंबूलमध्ये आवडीने पितात.

आणि साखर? संस्कृत ‘शर्करा’, फारसी ‘शकर’, तुर्की ‘शेकेर’. ऊस गाळून, रस आटवून खडे करायची विद्या भारतातून पश्चिमेकडे गेली. रमजान ईदेला तुर्क ‘शेकेर बायरामी’ म्हणतात, म्हणजे साखरेचा सण. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी नवरा-बायकोच्या जोड्या कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. जगाच्या जिभेवर गेलेल्या या शब्दामागे कष्ट कुणाचे आहेत, ते बीडकरांना सांगायला नको.

आता राजवाड्याकडे येऊ. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. तुर्कस्तानने १९२४ साली खिलाफत रद्द केली आणि शेवटचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद परागंदा झाले. सातव्या निजामाने त्यांना तनखा दिला. पुढे १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात खलिफांची कन्या दुर्रुशेहवार आणि त्यांच्या घराण्यातली निलोफर यांची लग्नं निजामाच्या दोन मुलांशी झाली. मोठी घटना खरी, पण तिने आपल्या चुलीवर काही नवं चढलं नाही. चुलीवर जे आलं ते त्याच्या कितीतरी आधी, सैन्याबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर आणि पोटासाठी वणवण करणाऱ्या आचाऱ्यांबरोबर आलं. त्यांची नावं बखरीत नाहीत.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एक मुद्दा आग्रहाने मांडतो. वस्तू कुठून आली, यावरून ती कोणाची हे ठरत नाही. ही कसोटी लावायचीच असेल तर प्रामाणिकपणे लावा आणि एकादशीच्या ताटापासून सुरुवात करा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळं अमेरिकेतून आलेलं. चारपाचशे वर्षांपूर्वीच्या वारकऱ्याला आपली फराळाची ताटली ओळखूसुद्धा आली नसती. म्हणून आपला उपवास खोटा ठरतो का? मुळीच नाही. पिढ्यान् पिढ्या आयाबायांनी श्रद्धेने ते रांधलं, म्हणून ते आपलं झालं.

मग हाच न्याय शेजाऱ्याच्या ताटाला का नको? आजकाल ताटात काय आहे ते पाहून माणूस आपला की परका हे ठरवायची घाई वाढली आहे. भाड्याने खोली देताना विचारतात, डबा उघडला की नाकं मुरडतात. कोणी काय खावं, काय खाऊ नये, हा ज्याच्या त्याच्या व्रताचा प्रश्न. आमच्या माळकरी मित्राने खिम्याला हात लावला नाही, आणि कोणी त्यांना आग्रहही केला नाही. पण न खाणं वेगळं आणि खाणाऱ्याला परका ठरवणं वेगळं.

ऐकणाऱ्यांना एक काम सांगून थांबतो. घरातल्या आजीजवळ बसा. भांड्यांची, पदार्थांची, मसाल्यांची जुनी नावं वहीत उतरवून घ्या. त्यातलं कुठलं नाव कुठल्या वाटेने आलं, ते पुढच्या व्याख्यानात आपण मिळून शोधू.