रक्ताचें भांडवल

१९३६ सालच्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास आले; हेंच पुढें सेवाग्राम झालें. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या या पुरुषाचे ज्येष्ठ पुत्र हरिलाल त्या सुमारास मद्याच्या पूर्ण आहारीं गेले होते. पिता निर्व्यसनी, मग हें आलें कोठून? मूल पूर्वजांनीं दिलेल्या भांडवलावर आयुष्य आरंभतें, आणि थोरल्याच्या दोषांत आपल्याच असंयमी पूर्वायुष्याचा पडसाद आहे, असें गांधीजींनीं आत्मकथेंत लिहून ठेवलें होतें. पित्यानें स्वतःविरुद्ध दिलेला हा निवाडा फारच कठोर म्हणावा लागेल.

१९७३ सालीं डोनाल्ड गुडविन यांनीं डेन्मार्कमधील दत्तक मुलगे तपासले. मद्यासक्त मातापित्यांपासून ६ आठवड्यांच्या आंत दुरावलेल्या मुलग्यांतही मद्यासक्तीचें प्रमाण इतर दत्तकांच्या सुमारें ४ पट निघालें. पुढें जुळ्यांच्या अभ्यासांवरून असें दिसलें कीं, या बाबतींत माणसामाणसांत जो फरक असतो त्यांतील सुमारें निम्मा आनुवंशिक आहे. मात्र तो एका जनुकाचा खेळ नव्हे. अनेक जनुकांचे कणाकणाचे वाटे एकत्र येतात, आणि ते थेंबही न शिवलेल्या आईबापांकडूनही येऊं शकतात. आचरणांतील असंयम मात्र असा रक्तांतून उतरत नाहीं. शिवाय पेला हातीं आल्यावांचून हें बीज रुजत नाहीं. वर्धा जिल्ह्यांत आजही दारूबंदी आहे, जरी मोहाची चोरटी दारू गाळली जातेच.

पित्यामागून पांच महिन्यांच्या आंतच, १८ जून १९४८ रोजीं, हरिलाल मुंबईंत वारले.