अनोळखी अळीची ओळख : कोकण किनाऱ्यावरील एका अभ्यासपद्धतीचा इतिहास

रायगडच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात कण्हेरीवर, सागावर किंवा खाडीकाठच्या तिवरावर एखादी अनोळखी अळी आढळली, तर ती कोणत्या पतंगाची हे नुसत्या रूपावरून सांगणे आजही कठीण जाते, आणि या अडचणीचे मूळ कीटकशास्त्राच्या घडणीत आहे. भारतीय पतंगांना शास्त्रीय नावे मिळाली ती प्रामुख्याने टाचणीला लावून वाळवलेल्या प्रौढ नमुन्यांवरून. कर्नल चार्ल्स स्विन्हो व ई. सी. कोट्स यांची सूची (१८८७–८९) आणि जॉर्ज हॅम्पसन यांचे चार खंड (१८९२–९६) यांचा भरही प्रौढ पतंगांवरच होता. त्यामुळे पतंगाला नाव आहे, परंतु त्याची अळी कोणती हे ठाऊक नाही, अशी स्थिती कित्येक जातींबाबत राहिली.

ही उणीव भरून काढण्यात किनाऱ्यावर नेमणुकीस असलेल्या सरकारी अधिकाऱ्यांचा वाटा मोठा होता. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग, वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन आणि स्विन्हो यांच्याबरोबर साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन (१८५१–१९०९) हेही होते. एटकेन जकात व मीठ खात्यात असल्यामुळे मिठागरांचे ठाणे असलेल्या उरणला, तसेच उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द आणि रत्नागिरी येथे त्यांचे वास्तव्य झाले. जेम्स डेव्हिडसन यांच्यासह त्यांनी १८९० मध्ये मुंबई इलाख्यातील काही फुलपाखरांच्या अळ्या व कोष यांवरील टिपणे सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हीच दृष्टी पतंगांकडे वळवली ती कारवारचे वनाधिकारी टी. आर. बेल यांनी; एफ. बी. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला हॉक मॉथ कुळावरील ग्रंथ १९३७ मध्ये निघाला.

त्यांची पद्धत साधी, पण चिकाटीची होती. प्रथम पाय मोजायचे : छातीखाली खऱ्या पायांच्या तीन जोड्या आणि पोटाखाली मांसल पायांच्या बहुधा पाच; मांसल पायांच्या दोनच जोड्या असतील, तर पाठीची कमान करून चालणाऱ्या कुळातील अळी, आणि सहा किंवा अधिक असतील, तर ती पतंगाची नसून गांधीलमाशीच्या गणातील सॉफ्लायची. त्यानंतर अळी ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी पाने देऊन ती जाळीच्या पेटीत वाढवायची, विष्ठा रोज काढायची, मातीत कोष करणाऱ्या जातींसाठी ओलसर माती ठेवायची आणि प्रौढ कीटकाची वाट पाहायची. पुष्कळदा कोषातून पतंगाऐवजी परजीवी माशीच निघे, आणि तीही नोंद ठरे.

इतका खटाटोप आवश्यक का, हे कण्हेरीवरील हॉक मॉथवरून कळते. अंड्यातून निघालेली अळी पिवळसर असून तिच्या शेपटीकडे लांब, काळे, बारीक शिंग असते. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते, छातीवर निळसर-पांढरे दोन डोळ्यांसारखे ठिपके उमटतात आणि शिंग आखूड, पिवळसर होते. कोषापूर्वी तिचा रंग पुन्हा बदलून ती तपकिरी पडते. या अवस्था सुट्या पाहणाऱ्याला तीन वेगळ्या जाती वाटाव्यात, इतके त्यांत अंतर असते. याउलट सागाची पाने फस्त करणारी हायब्लिया प्युएरा ही अळी तिवरावरही वाढते; डोंगरउतारावरचा वृक्ष आणि खारफुटीतले झाड यांचा संबंध वरवर दिसत नसला, तरी जुन्या वर्गीकरणात दोन्ही एकाच निर्गुडी कुळात गणली जात.

छायाचित्रांमुळे आज कुळापर्यंत पोहोचणे सोपे झाले असले, तरी अळी कोणत्या झाडावर होती हे न लिहिलेली नोंद अपुरीच राहते. म्हणूनच या किनाऱ्यावर अळी ओळखण्याचे ज्ञान कीटकशास्त्राइतकेच झाडांच्या ओळखीवर उभे आहे, आणि तिवर, कण्हेर, साग, तगर यांची नावे जाणणारा स्थानिक माणूस या अभ्यासात नेहमीच पहिला दुवा ठरतो.